थाळी रेस्टॉरंटच्या मोरीसाठी माणूस हवा: जाहिरात कशी लिहावी

प्रश्न: पुण्यात कर्वेनगरला आमचं 60 खुर्च्यांचं शाकाहारी थाळी रेस्टॉरंट आहे. दारावर ‘हेल्पर पाहिजे’ असा बोर्ड लावलाय, दोन ॲपवर जाहिरातही टाकली आहे. फोन येतात, माणसं येतात, आणि आठवड्याभरात निघून जातात. भांडी घासायला माणूस मिळेल आणि टिकेल, अशी जाहिरात कशी लिहायची?

उत्तर:

हॉटेलांच्या किचनमध्ये माणसं नेमण्याचं आणि मोरी सांभाळण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, म्हणून थोडं मोकळेपणाने लिहितो. तुमच्याकडे फोन येतात, माणसंही येतात. म्हणजे बोर्ड लोकांच्या नजरेला पडतो आहे. येणारा माणूस ज्या कामाची कल्पना करून येतो ते काम त्याला आत दिसत नाही, हा खरा घोटाळा आहे. ‘हेल्पर’ वाचून आलेल्या मुलाला वाटतं टेबलं पुसायची, पाणी द्यायचं, भाजी निवडायची, जमलं तर चार पैसे टीप. आत आल्यावर त्याला गमबूट न देता मोरीत उभं केलं जातं. तो दोन दिवस काढतो, तिसऱ्या दिवशी फोन बंद. त्याने तुम्हाला फसवलं असं म्हणता येणार नाही. म्हणून जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत स्वच्छ लिहा: भांडी घासण्यासाठी माणूस पाहिजे. फोन कमी येतील. जे येतील ते काम ऐकून-समजून येतील, आणि तुम्हाला हवे आहेत ते तेवढेच.

लिहायला बसण्याआधी एक हिशेब करा. थाळी हा भांड्यांच्या दृष्टीने सगळ्यांत जड धंदा आहे. एका थाळीमागे एक ताट, पाच वाट्या, एक ग्लास, एक चमचा असे आठ नग धरा. रविवारी दुपारी दोन आणि रात्री दोन पंगती उठल्या, तर 60 खुर्च्यांचे 240 पाहुणे होतात, म्हणजे 1,920 नग. त्यावर भाजी-आमटीचे टोप, भाताची पातेली, तळणाच्या कढया, पराती आणि झारे वेगळे. त्यातही वाट्या वेळ खातात, कारण आमरसाचा किंवा बासुंदीचा थर वाळला की तो नुसत्या पाण्याने सुटत नाही. हे सगळं तुम्ही सकाळी आठपासून रात्री अकरापर्यंत एकाच माणसाकडून करून घेत असाल, तर जगातली कुठलीही जाहिरात तो टिकवू शकणार नाही. 60 खुर्च्यांच्या थाळीला मोरीत किमान तीन माणसं हवीत. एक सकाळच्या पाळीला, एक संध्याकाळच्या, आणि तिसरा बदली, जो या दोघांच्या सुट्टीच्या दिवशी उभा राहील आणि शनिवारी-रविवारी रात्री दुसऱ्या सिंकवर लागेल. बदली नसेल तर साप्ताहिक सुट्टी कागदावरच राहते, हे हॉटेल लाइनमधला प्रत्येक कामगार अनुभवाने जाणतो.

वेळेबद्दल माझं मत ठाम आहे: मोरीला ब्रेक शिफ्ट देऊ नका. सकाळी चार तास, मग तीन-साडेतीन तास मोकळे, मग रात्री पुन्हा चार-पाच तास, हे आचाऱ्याला चालतं, कारण त्याचा पगार तसा असतो आणि बहुतेकदा खोली जवळ असते. धायरीहून किंवा वारज्याच्या पलीकडून येणारा माणूस त्या मधल्या वेळात घरी जाऊन परत येऊ शकत नाही. तो तिथेच कुठेतरी सावलीला पडून राहतो आणि त्याच्या लेखी दिवस चौदा तासांचा होतो. त्यापेक्षा सकाळी 8 ते 4 आणि दुपारी 3:30 ते रात्री 11:30 अशा दोन सरळ पाळ्या लावा. 3:30 ते 4 हा अर्धा तास दोघं एकत्र असतात आणि दुपारच्या भांड्यांचा डोंगर त्यातच उतरतो. मधली अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी वजा केली, तर आठवड्याला 45 तास भरतात. आपल्याकडे आठवड्याची मर्यादा 48 तासांची आहे आणि त्यावरच्या तासांना दुप्पट दराने पैसे द्यावे लागतात. म्हणजे एखाद्या रात्री उशीर झाला तरी तुम्ही लगेच अडचणीत येत नाही.

सकाळची पाळी सरळ असली की आणखी एक दार उघडतं. आजूबाजूच्या वस्त्यांमधल्या अनेक बायका घरकामापेक्षा एकाच जागचं, ठरल्या पगाराचं काम पसंत करतात. मोरीत त्यांचा हात सफाईदार असतो आणि त्या टिकतातही. त्यांना रात्रीचं जमत नाही, आणि कायदाही रात्री 9:30 नंतर बाईला तिच्या संमतीशिवाय आणि सुरक्षिततेची, घरी पोचवण्याची सोय केल्याशिवाय थांबवू देत नाही. 8 ते 4 मध्ये हा प्रश्नच येत नाही. जाहिरातीत ‘मुले पाहिजेत’ एवढंच लिहिलं तर या बायका बोर्ड वाचून पुढे निघून जातात. ‘बाई किंवा पुरुष’ असं लिहा, आणि दोघांना पगार सारखाच द्या.

आता पगार. आकडा न लिहिता ‘आकर्षक पगार’ किंवा ‘पगार समक्ष भेटीत’ लिहिणारी जाहिरात वाचणारा माणूस पुढच्या जाहिरातीकडे जातो, कारण भेटायला येण्यात त्याचा अर्धा दिवस आणि बसचं भाडं जातं. आकडा लिहा, आणि तो हातात पडणारा लिहा. तुमच्याकडे दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील (60 खुर्च्यांना असतीलच), तर 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होतं. त्यात कामगाराचे 0.75 टक्के कापले जातात आणि मालकाला 3.25 टक्के भरावे लागतात. मालक लोक हे कापून घेतात, पण त्याचा फायदा समजावून सांगत नाहीत. घरच्यांना दवाखान्याचा उपचार मिळतो, काम करताना हात भाजला किंवा पाय घसरून मोडला तर रजेच्या दिवसांचे पैसे मिळतात. मोरीत या दोन्ही गोष्टी घडतात. म्हणून ‘ईएसआय कार्ड मिळेल, घरच्यांनाही दवाखाना’ ही ओळ बोर्डावर आली पाहिजे. किमान वेतनाचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, तेव्हा मागच्या वर्षीचा आकडा तसाच छापू नका. जेवणाचे किंवा खोलीचे पैसे पगारातून वळते करायचे मनात असेल, तर आधी तुमच्या लेबर कन्सल्टंटला विचारा.

आकड्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे तारीख. हॉटेल लाइनमध्ये पंधरा दिवसांचा, कधी महिन्याचा पगार ‘मागे ठेवायची’ जुनी पद्धत आहे. माणूस पळून जाऊ नये म्हणून पगार दाबायचा, आणि तेवढ्यावर न भागल्यास त्याचं मूळ आधार कार्ड गल्ल्यात ठेवून घ्यायचं. जे यातून एकदा गेलेत ते नव्या जागी पाऊल टाकताना पहिल्यांदा हेच विचारतात, आणि ज्यांना विचारायचा धीर होत नाही ते लवकर निघून जातात, म्हणजे बुडाले तरी थोडेच बुडतील. तुम्ही असं करत नसाल तर ते मोठ्या अक्षरात लिहा. करत असाल तर आधी बंद करा. पगार 7 तारखेच्या आत द्यायचाच आहे, तर ती तारीख छापा. आणि नव्या माणसासाठी एक सवलत ठेवा: पहिल्या महिन्यात दर दहा दिवसांनी झालेल्या कामाची उचल. गावाहून नुकत्याच आलेल्या माणसाजवळ 40 दिवस काढायला पैसे नसतात. महिना अर्धवट सोडून रोजंदारीवर निघून जाणाऱ्यांपैकी बरेच जण याच एका कारणाने जातात.

मोरीची अवस्था हा जाहिरातीचाच भाग आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. पाऊण तास तुमच्या मोरीत स्वतः उभं राहून बघा, साधी चप्पल घालून. पायाखाली पाणी साठतंय का? उतार बरोबर नसेल तर साठतंच. अशा पाण्यात दिवसभर उभं राहिलं की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी सोलवटते आणि मग माणूस लंगडत काम करतो. हाताची तीच गत. कढई काळी पडली म्हणून तिला कॉस्टिक लावायला सांगतात, हातमोजे देत नाहीत, आणि चार दिवसांत नखांच्या कडा फाटतात. सिंक इतकं खोल आणि खाली असतं की कमरेत वाकल्याशिवाय तळ हाताला लागत नाही. डिसेंबरात सकाळी आठला टाकीचं पाणी बर्फासारखं असतं, आणि तुपाचा थर त्या पाण्यात सुटतच नाही, तो नुसता पसरतो. गरम पाण्याचा एक नळ, चांगले लांब हातमोजे, प्रत्येकाच्या मापाचे गमबूट, पुढे बांधायचं रबरी ॲप्रन आणि सिंकसमोर जाळीची रबरी मॅट, या सगळ्याचा खर्च तुम्ही एका माणसाला महिन्याला देता त्यापेक्षा फार जास्त नाही. एवढं झालं की जाहिरातीत दोन ओळी अशा येतात ज्या शेजारच्या हॉटेलला लिहिता येत नाहीत: ‘गरम पाणी आहे. गमबूट, हातमोजे, ॲप्रन आम्ही देतो.’ हे काम आधी केलेला माणूस या दोन ओळींवर थांबतो.

तुमच्याकडे भांडी धुण्याचं हूडवालं मशीन असेल तर तेही लिहा. मशीन शेवटच्या पाण्याला 80 अंशांच्या वर नेतं, ताटं आपोआप वाळतात, पुसण्याचं काम वाचतं. पण खरकटं काढून रॅक लावावेच लागतात आणि टोप-कढया हातानेच घासाव्या लागतात, म्हणून ‘मशीनवर काम’ एवढंच लिहून मोकळे होऊ नका. मशीन नसेल तर तीन सिंक हवीत: एक साबणाचं, एक स्वच्छ पाण्याचं, एक क्लोरीनच्या पाण्याचं. हे शिकवायला एक दिवस पुरतो, त्यामुळे ‘अनुभव आवश्यक’ ही अट काढून टाका.

कोणतं काम त्याच्या वाट्याला येणार नाही, हेही ठरवा. मोरीवाला हाताशी आहे म्हणून त्यालाच संडास धुवायला, मालकाची गाडी पुसायला, गच्चीवरची टाकी साफ करायला पाठवतात. ताटं घासणाऱ्या माणसाला त्याच पाळीत संडास धुवायला लावणं स्वच्छतेच्या दृष्टीनेच चुकीचं आहे. आणि ड्रेनेजचं चेंबर किंवा सेप्टिक टँक तुंबली म्हणून त्याला आत उतरवणं हा हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याखाली गुन्हा आहे, त्यात माणसं गुदमरून मरतात. किचनमधल्या ग्रीस ट्रॅपची (सांडपाण्यातलं तेल-तूप अडवणाऱ्या पेटीची) जाळी रोज काढून धुणं मोरीच्या कामात येतं. ते यादीत लिहा, म्हणजे पहिल्या रात्री त्याला धक्का बसणार नाही.

हे सगळं धरून मी तुमच्यासाठी जाहिरात अशी लिहीन. पगाराचा आकडा नमुन्याचा आहे, तिथे तुमचा घाला.

भांडी घासण्यासाठी 3 माणसं पाहिजेत (बाई किंवा पुरुष)
शाकाहारी थाळी रेस्टॉरंट, कर्वेनगर (इथे जवळच्या चौकाची किंवा बसस्टॉपची खूण)
काम: ताटं-वाट्या, टोप-कढया घासणं. मोरी, ग्रीस ट्रॅपची जाळी आणि किचनची फरशी धुणं. संडास धुण्याचं काम नाही.
काम उभ्याने आहे. शनिवार-रविवार गर्दी जास्त, तेव्हा मोरीत दोघं असतात.
वेळ: सकाळी 8 ते 4 किंवा दुपारी 3:30 ते रात्री 11:30. मधे अर्धा तास जेवणाची सुट्टी.
आठवड्याला एक सुट्टी, पगार न कापता.
पगार: हातात 16,000 रुपये, दर महिन्याच्या 7 तारखेला. पहिल्या महिन्यात दर 10 दिवसांनी उचल. जादा तासांचे दुप्पट पैसे.
पगार मागे ठेवत नाही. मूळ कागदपत्रं ठेवून घेत नाही. कामाला लावायची कुठलीही फी नाही.
पाळीत जेवण आणि चहा. ईएसआय कार्ड मिळेल, घरच्यांनाही दवाखाना.
गरम पाणी आहे. गमबूट, हातमोजे, ॲप्रन आम्ही देतो.
अनुभव नको. वय 18 पूर्ण हवं.
भेटायला या: दुपारी 4 ते 6, मंगळवार सोडून. येताना आधार किंवा कुठल्याही ओळखपत्राची झेरॉक्स आणा.
फोन किंवा व्हॉट्सॲप: (एकाच माणसाचा मोबाइल)

यात काय नाही ते पाहा. ‘गरजूंनीच संपर्क साधावा’ नाही. ‘कामसू, प्रामाणिक, निर्व्यसनी’ नाही, कारण स्वतःला कामचुकार समजून कुणी घरी बसत नाही, आणि ते वाचून मालक आधीच संशय घेतोय एवढंच कळतं. जात, गाव, धर्म, भाषा यांची अट नाही. जाहिरातीत नाही आणि फोनवरही विचारायची नाही. हे मी मनापासून सांगतो: ‘कुठल्या समाजाचा?’ हा प्रश्न भांडी घासणाऱ्या माणसालाच सगळ्यांत जास्त वेळा ऐकावा लागतो. तुमच्या दारात तो ऐकावा लागला नाही, तर ही गोष्ट त्याच्या ओळखीच्या माणसांपर्यंत पोचते.

18 वर्षांची अट मात्र सोडू नका. हॉटेल-धाब्यांवर 14 वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवण्यावर 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे. गावाकडून भावाबरोबर आलेला पंधरा-सोळाचा मुलगा ‘राहू द्या, शिकेल’ म्हणून गळ्यात घातला जातो, तेव्हा नाही म्हणायला बोर्डावरची ही ओळ उपयोगी पडते. ओळखपत्र ‘कुठलंही’ लिहिलंय, कारण नेपाळहून आलेल्या मुलांकडे आधार असेलच असं नाही, त्यांचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र असतं. 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे काम करायला वेगळा परवाना लागत नाही. अन्न हाताळणाऱ्यांची वार्षिक वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडची लस अन्नसुरक्षेच्या नियमांत आहे. तिचा खर्च तुम्ही करा आणि भेटीत तसं सांगा. बोर्डावर ‘मेडिकल’ हा शब्द दिसला की उगाच धास्ती बसते, म्हणून मी तो वर घेतलेला नाही.

जाहिरात कुठे लावायची? काचेवर, ग्राहकांच्या दाराशी लावलेला बोर्ड ग्राहक वाचतात. ज्याला काम हवंय तो मागच्या दाराने येणाऱ्या लोकांच्या ओळखीचा असतो: भाजीवाला, दूधवाला, गॅस सिलिंडर आणणारा, भंगार उचलणारा. कागदाच्या प्रती त्यांच्या हातात द्या, जवळच्या टपरीवर आणि किराणा दुकानात लावा. मराठीइतकीच हिंदी प्रत लागेल. अनेकांना लिहिलेलं लांबलचक वाचायचा कंटाळा असतो, काहींना वाचता येत नाही. म्हणून हाच मजकूर मिनिटाभराच्या व्हॉइस मेसेजमध्ये बोला, त्याला मोरीचा एक खरा फोटो जोडा आणि किचनमधल्या मुलांना त्यांच्या गावाच्या ग्रुपवर टाकायला सांगा. आवाज मालकाचा नको. मोरीत आज काम करणारा जर सांगू शकला, की ‘पगार वेळेवर मिळतो, मी इथे आहे’, तर त्याला तोड नाही. आणि तो हे सांगायला तयार नसेल, तर आधी त्याच्याशी बोला. माणूस आणून देणाऱ्याला बक्षीस ठेवा, पण अर्धं पहिल्या पगाराला आणि अर्धं तिसऱ्याला द्या.

फोन कोण उचलतो, यावर निम्मी नेमणूक अवलंबून आहे. काउंटरचा नंबर दिलात तर दुपारी एकच्या गर्दीत कॅशियर ‘नंतर करा’ म्हणून ठेवून देतो, आणि नंतर कुणी करत नाही. एकाच माणसाचा मोबाइल द्या, मिस कॉल दिसला की त्याने परत करावा. भेटीला आलेल्याला मोरी दाखवा, आत्ता तिथे असलेल्या माणसाशी पाच मिनिटं एकटं बोलू द्या. एक पाळी काम करून बघायचं असेल तर बघू द्या, पण त्या पाळीचे पैसे त्याच रात्री हातात द्या, तो दुसऱ्या दिवशी येवो न येवो.

वेळ साधा. मराठवाड्यातली मुलं मृग लागला की पेरणीला जातात, उत्तरेकडची होळीला आणि दिवाळी-छठला, नेपाळची दसऱ्याच्या सुमाराला. या तारखा दरवर्षी येतात. त्याआधी महिनाभर बोर्ड लावा, आणि जाणाऱ्याला परतीचं तिकीट काढायला उचल देऊन जागा राखून ठेवा. जुना माणूस परत आला की नवी जाहिरातच लागत नाही. सहा महिने टिकलेल्याला चपातीच्या तव्यावर हात बसवायची संधी खरंच देणार असाल तर तीही ओळ वर घाला. पुण्यातले कितीतरी आचारी मोरीतूनच वर आलेत आणि हे प्रत्येकाला माहीत आहे.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात आलेली नाही: राहण्याची सोय. म्हणूनच मी ती नमुन्यात घातलेली नाही. रात्री साडेअकराला सुटणाऱ्याला घरी जायला बस मिळेलच असं नाही, तेव्हा संध्याकाळच्या पाळीला एकतर चालत जाण्याइतक्या अंतरावरचा माणूस हवा, नाहीतर खोली. खोली म्हणजे किचनच्या वरचा पोटमाळा असेल, तर ‘राहण्याची सोय’ असं लिहू नका. खाली गॅसच्या बाटल्या, भट्टीची धग, बाहेर पडायला एकच लाकडी शिडी आणि रात्री बाहेरून लावलेलं शटर, अशा जागी आग लागली तर माणूस आतच अडकतो. जवळपास दोन-तीन जणांपुरती खोली भाड्याने घ्या, पंखा, मोरी-संडास आणि आतून लागणारी कडी बघून घ्या, आणि मग जाहिरातीत लिहा: खोली हॉटेलपासून दहा मिनिटांवर, एका खोलीत तिघं.